दोन पॅराशूटचं मिड-पॉवर रॉकेट : उडवण्याआधी काय काय बघायचं

आधी शिअर पिना, म्हणजे नाकाचा सांधा धरून ठेवणारे आणि वेळ आली की तुटणारे नायलॉनचे छोटे स्क्रू. ही यादी लिहायचं कारणच त्या आहेत. मागच्या वेळी जमिनीवरच्या चाचणीत जुन्या पिना तुटल्या आणि मैदानावर नव्या घालायच्या राहिल्या. मोठं पॅराशूट दीडशे मीटरवर उघडायचं ते थेट शिखरावर, म्हणजे उड्डाणाच्या सर्वात उंच बिंदूवर उघडलं. म्हणून पिशवीत आधी २-५६ मापाचे नायलॉनचे स्क्रू टाका, दहा-बारा तरी. मग बाकीचं.

इथले आकडे ६६ मिमी नळीच्या, मोटरसकट १२०० ग्रॅमच्या आणि जी८० मोटरच्या रॉकेटचे आहेत. अमेरिकेत हे एफएएच्या (तिथल्या हवाई वाहतूक नियामकाच्या) क्लास १ मध्ये बसतं, कारण एकूण वजन १५०० ग्रॅमच्या आणि इंधन १२५ ग्रॅमच्या आत राहतं. फिन, फिलेट, रेल बटणं यांबद्दल काही सांगायला नको. गुरुत्वमध्य मात्र मोटर, बॅटरी, पॅराशूट सगळं भरूनच तोलून काढा. तो दाबमध्याच्या (हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे किमान एक व्यास, म्हणजे ६६ मिमी हवा. मोटर शेपटाला असते, त्यामुळे रिकाम्या रॉकेटवर काढलेला आकडा फसवा असतो.

अल्टिमीटर हवेच्या दाबावरून उंची ओळखतो आणि पॅराशूट बाहेर ढकलणारे चार्ज (बारुदाच्या पुड्या) पेटवतो. त्याचा कप्पा १५ सेंमी लांब असेल तर त्याला १२० अंशांवर २ मिमीची तीन भोकं. रंग दिल्यावर ती ड्रिल बिटने हाताने परत मोकळी करा, कडेला कूस राहू देऊ नका. कप्प्याच्या झाकणातून तारा जिथे बाहेर येतात तिथे पुटी दाबून भरा. नाहीतर पहिल्या चार्जचा धूर आत शिरतो, दाब एकदम वाढतो, अल्टिमीटरला वाटतं आपण खाली आलो आणि मुख्य पॅराशूट वरच सुटतं. बॅटरी नवी, झिप टायने करकचून बांधलेली. प्रत्येक तार स्क्रूखाली ओढून बघा. ‘ड्रोग’ची (शिखरावर उघडणाऱ्या छोट्या पॅराशूटची) तार मागच्या चार्जला, ‘मेन’ची (मोठ्या, मुख्य पॅराशूटची) पुढच्या. दोन्हींवर मार्करने लिहून ठेवा. आणि पुढच्या व मागच्या नळीला प्रत्येकी ३ मिमीचं एक भोक हवंच, नाहीतर आत कोंडलेली हवा वर जाताना जोड ढकलून उघडते.

आता सांधे. नळी आणि अल्टिमीटर कप्पा यांचा पुढचा सांधा सुटायचाच नाही, तिथे प्लास्टिक रिव्हेट. मागचा सांधा मास्किंग टेपने इतका घट्ट करा की नाक धरून उचललं तर मोटरचा भाग लोंबत राहील आणि हिसका दिला की निघेल. नाकाच्या सांध्यात शिअर पिना, दोन, समोरासमोर. कारण असं : शिखरावर ड्रोगचा चार्ज उडाला की दोन भाग दोरी संपेपर्यंत फेकले जातात आणि मग जो हिसका बसतो त्यात नुसतं घट्ट बसवलेलं नाक निघून येतं. मागोमाग मोठं पॅराशूट. चारशे मीटरवरून ते ६ मीटर प्रति सेकंद वेगाने उतरतं, तितकाच वारा असेल तर रॉकेट चारशे मीटर लांब जाऊन पडतं. वेळेवर उघडलं असतं तर अडीचशेच्या आसपास.

भोक १.८ मिमीचं, त्यात २-५६ चा आटा. कागदी नळी असेल तर आटे पातळ सुपरग्लूने कडक करून घ्या. एक पीन तोडायला साधारण १५० न्यूटन लागतात. नळीत एक वातावरणाइतका दाब तयार झाला की नाकावर साडेतीनशे न्यूटन येतात, दोन पिनांना तेवढं पुरतं. त्यासाठी ४एफ (बारीक दाण्याची) ब्लॅक पावडर, ग्रॅममध्ये : व्यासाचा वर्ग गुणिले लांबी, दोन्ही सेंमीत, गुणिले ०.०००३६६. २० सेंमीच्या पोकळीला ०.३२ ग्रॅम. वजनकाट्यावर मोजा, चमच्याने नाही.

जमिनीवरची चाचणी पिना घालूनच. पिनांशिवाय नाक उडालं तर त्यावरून काहीच कळत नाही. रॉकेट आडवं ठेवून बाजूला उभे राहा, समोर किंवा मागे नाही. नाक दीड-दोन मीटर जायला हवं, नाही गेलं तर ०.१ ग्रॅम वाढवा. चाचणीनंतर नाकाच्या खांद्यातल्या भोकांत नखाएवढे पांढरे तुकडे अडकलेले असतात आणि बाहेरून बघितलं तर पीन जागेवर आहे असंच वाटतं. फसगत इथेच होते. टोकदार सुईने तुकडे आत ढकला, झटकून काढा, नव्या पिना घाला. डोकं बोटाला लागलं तरच पीन आहे.

शॉक कॉर्ड (भाग एकमेकांना बांधणारी दोरी) केव्हलारची, रॉकेटच्या लांबीच्या तिप्पट. ड्रोग ३८ सेंमी, मुख्य ९० सेंमी, दोन्हींना नोमेक्सचं (आगीला न जळणारं) कापड.

मैदानावर : वारा ताशी ३२ किमीच्या आत. पिना? बोट फिरवून बघा. रॉकेट उभं केल्यावरच अल्टिमीटर चालू, दोन्ही चार्जच्या बीप ऐका, मग इग्नायटर (मोटर पेटवणारी तार). ३० फूट मागे.

उतरल्यावर उंचीच्या बीप मोजा, न उडालेला चार्ज दिसला तर आधी स्विच बंद, मग हात लावा. पिनांचे तुकडे तिथेच काढून टाका.