पट्टा लावलाय का? दुचाकीवरच्या या चुका टाळा

आमच्या रविवारच्या राइडला मी सगळ्यात मागे असतो. स्वीप म्हणतात त्याला. पुढे चालवणाऱ्याला फक्त रस्ता दिसतो, मागच्याला सगळ्यांचे उद्योग दिसतात. कोणाचं हेल्मेट वाऱ्याने मागे ओढलं जातंय, कोणी ते कोपरात अडकवलंय, कोणी जॅकेटची चेन पोटापर्यंत उघडी टाकून हिरो झालाय. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. क्रम महत्त्वाचा नाही. ज्याचा मला जास्त राग येतो, त्याबद्दल जास्त लिहिणार.

पट्टा

सगळ्यात पहिली आणि सगळ्यात चीड आणणारी चूक. हेल्मेट डोक्यावर, पट्टा मोकळा. चौकात मामा दिसले की हेल्मेट चढतं, चौक ओलांडला की उतरतं, मग मध्ये पट्टा लावायची तसदी कोण घेणार? मोटार वाहन कायद्याचं कलम 129 वाचा. हेल्मेट पट्ट्याने डोक्याला नीट बांधलेलं असलं पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे पट्टा न लावता तुम्ही कायद्याच्या हिशेबानेही बोडक्यानेच फिरताय.

पडताना होतं काय, तर डोकं एकदाच आपटतं असं नाही. गाडी घसरते, माणूस लोळतो, डोकं दोन-तीनदा लागतं. सैल हेल्मेट पहिल्याच धक्क्याला निघून जातं आणि पुढचे धक्के उघड्या डोक्याला बसतात.

ताम्हिणीतली गोष्ट सांगतो. पावसाळ्याचे दिवस, घाटात गर्दी, धुकं. आमच्यात एक नवा मुलगा आला होता. गाडी नवी, जॅकेट नवं आणि परदेशी कंपनीचं असं हेल्मेट, की त्या पैशात माझी जुनी गाडी आली असती. मक्याचं कणीस खायला थांबलो, फोटो झाले, सगळे निघाले. विळ्याच्या बाजूला उतरताना एका वळणावर रस्त्यावर माती आणि ओला पाला आला होता. पुढचे तिघे तिथून सावकाश निघून गेले, याचं पुढचं चाक घसरलं. वेग म्हणाल तर तिशीच्या आतबाहेर. मी मागेच होतो. आधी हेल्मेट गडगडत गटाराकडे गेलं आणि त्याच्या मागून तो. डोक्याची बाजू कठड्याच्या दगडाला लागली.

नंतर मी ते हेल्मेट उचललं. एक ओरखडा सोडला तर कोरं करकरीत. पट्ट्याला दोन कड्या होत्या, डबल डी-रिंग. पठ्ठ्याने पट्टा दोन्ही कड्यांतून ओवला होता, पण परत फिरवून एका कडीतून मागे घेतलाच नव्हता. असा पट्टा अडकल्यासारखा दिसतो आणि झटका बसला की सरळ सुटून येतो. टोकाला जे लाल बटण असतं, ते पट्टा वाऱ्यात फडफडू नये म्हणून असतं. हेल्मेट धरून ठेवणं हे त्या बटणाचं काम नाही. इतक्या पैशाचं हेल्मेट घेतलं, पण ते बांधायचं कसं हे ना दुकानदाराने दाखवलं, ना याने विचारलं.

मुलगा वाचला. काही महिने नावं विसरायचा, उजेड सहन व्हायचा नाही. ते सगळं गेलं, पण वास गेला तो परत आलाच नाही. डोक्याला मार लागल्यावर असं होऊ शकतं, नाकापासून मेंदूकडे जाणारे बारीक तंतू तुटतात. एकटा राहतो, त्यामुळे स्वयंपाकघरात गॅसगळती झाली तर ओरडणारं यंत्र बसवून घेतलंय.

त्यामुळे माझा नियम असा: राइड सुरू व्हायच्या आधी आणि प्रत्येक चहानंतर मी प्रत्येकाच्या हनुवटीखाली बोटं घालतो. पट्टा आणि गळा यांत दोन बोटं जेमतेम जातील इतकीच जागा हवी. लोक वैतागतात. वैतागू देत. क्लिपचा पट्टा असेल तर तो वापरून सैल होत जातो, महिन्याभराने परत ओढून घ्यावा लागतो. आणि क्लिप तुटली तर पट्ट्याला गाठ मारून फिरू नका, हात जोडतो.

एक साइझ मोठं

याला पट्ट्याचाच सख्खा भाऊ समजा. दुकानात हेल्मेट घालून बघितलं, गाल दाबले गेले, की गिऱ्हाईक म्हणतं, "जरा मोठं दाखवा." अहो, गाल दाबले गेलेच पाहिजेत! नवीन हेल्मेट आरामात डोक्यात गेलं, तर सहा महिन्यांनी आतला कपडा बसल्यावर ते न फिरवलेल्या झाकणासारखं डोक्यावर हलणार.

शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून माप घ्या. ते सेंटिमीटर हेल्मेटच्या साइझच्या तक्त्याशी जुळवा. टोपीचा, मित्राचा किंवा जुन्या हेल्मेटचा साइझ सांगू नका. मग घालून पट्टा लावा आणि हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवा. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. शेवटी मागची कड धरून ते वर आणि पुढे ओढून काढायचा प्रयत्न करा. पट्टा लावलेला असताना निघालं तर ते हेल्मेट तुमचं नाही. आणि दुकानात पाव तास घालून बसा, फोनवर बोला, काय वाटेल ते करा. गाल दाबले तर चालतील, पण कपाळावर एकाच जागी ठणकायला लागलं तर डोक्याचा आकार आणि हेल्मेटचा आकार जमत नाही. दुसरी कंपनी बघा. एवढा वेळ नसेल तर गाडी चालवायलाही तुम्हाला वेळ नाही, असं माझं मत आहे.

बाकीच्या, पटापट

रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर मांडलेलं हेल्मेट. 1 जून 2021 पासून देशात आयएसआय खूण नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. नुसती खूण बघू नका, ती कोणीही छापतो. खुणेच्या वर आयएस 4151 हा हेल्मेटच्या मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. आलं नाही तर हेल्मेट परत ठेवा.

बांधकामावरचं पिवळं हेल्मेट. ते वरून वीट पडली तर उपयोगी, घसरून पडणाऱ्या माणसासाठी ते बनवलेलंच नाही. तरी रोज एखादा दिसतोच.

अर्धं हेल्मेट. हनुवटी आणि जबडा उघडा. तोंडावर पडल्यावर काय होतं ते एखाद्या दाताच्या डॉक्टरला विचारा.

हेल्मेट आरशावर अडकवणं. आतल्या फोममध्ये आरशाच्या दांडीचा खड्डा पडतो. बाहेरचं कवच दिसायला दणकट, पण खरं काम करतो तो आतला थर्माकोलसारखा थर. धक्का बसला की तो चेपतो, म्हणून कवटीपर्यंत कमी पोचतं. एकदा चेपला की परत फुगत नाही. म्हणून पडलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी बाद. धाकट्या भावाला देऊ नका, ओएलएक्सवर टाकू नका. मी अशा हेल्मेटचा पट्टा कात्रीने कापतो आणि मगच भंगारात देतो, नाहीतर भंगारवाल्याकडून कोणीतरी उचलतंच.

पेट्रोलने किंवा थिनरने हेल्मेट पुसणं. फोम विरघळतो. साबणाचं पाणी पुरे.

"इथेच तर जायचंय." दूध आणायला, मुलाला क्लासला सोडायला. गाडीवर बसल्यावर डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवरून नुसतं खाली आलं तरी रस्त्याला लागताना वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे गाडी उभी असतानाही. अंतराचा आणि डोक्याचा काही संबंध नाही.

जॅकेट घेतलं, पण आत स्पंज. स्वस्त जॅकेटच्या कोपरांत आणि पाठीत जे असतं ते बरेचदा नुसता फोम असतो. पॅड बाहेर काढा, त्यावर सीई ही युरोपातली खूण आणि इएन 1621 हा तिथल्या मानकाचा आकडा आहे का बघा. पाठीच्या पॅडसाठी लेव्हल 1 म्हणजे चाचणीतल्या धक्क्यापैकी सरासरी 18 किलोन्यूटनपर्यंत आत पोचू शकतो, लेव्हल 2 म्हणजे 9. किलोन्यूटन म्हणजे बळाचं माप, आत कमी पोचेल तितकं चांगलं. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर पाठीत घाला. आणि बाही सैल असेल तर पॅड ऐन वेळी कोपरावरून सरकलेला असतो. उन्हाळ्यात जाळीचं जॅकेट मिळतं, तेव्हा "उकडतं" हे मला सांगू नका.

हातमोजे. पडताना माणूस आपोआप तळहात पुढे करतो. ज्याची तळहाताची कातडी सोलली गेलीय त्याला विचारा, आंघोळ आणि जेवण कोणाच्या हातून करत होता. बोटं कापलेले मोजे व्यायामशाळेत घाला.

चप्पल. घोटा झाकत नाही ते पादत्राण नाही. एवढंच.

मागे बसलेलं माणूस

पुढच्याला हेल्मेट, मागे बायको ओढणी सांभाळत उघड्या डोक्याने, टाकीवर पोरगं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात 2022 साली हेल्मेट न घातल्यामुळे 50,029 माणसं गेल्याची नोंद आहे. त्यातली 14,337 मागे बसलेली होती. कायदा चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सांगतो, पुढे बसलाय की मागे हे विचारत नाही.

यात मला सगळ्यात जास्त खटकतो तो साडीगार्ड काढण्याचा प्रकार. नवी गाडी शोरूममधून आली की पहिलं काम काय, तर "लूक बिघडतो" म्हणून साडीगार्ड उतरवणं. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकलेला असावा, मागे बसणाऱ्याला धरायला काहीतरी असावं, पाय ठेवायला जागा असावी, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम 123 मध्ये आहे. कारण ओढणी किंवा पदर चाकात गेला की तो माणसाला मागे ओढतो, गळ्याभोवती असेल तर गळ्याला धरून. गार्ड काढलेल्या गाडीवर आई, बायको, बहीण कोणालाच बसवू नका. बसवायचंच असेल तर आधी गार्ड परत लावून घ्या. आणि ओढणीला मागे गाठ मारून कंबरेत खोचायला सांगा, गाडी सुरू करायच्या आधी.

पडलेल्याचं हेल्मेट ओढणं

ही चूक पडणाऱ्याची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. अपघात झाला की गर्दी जमते, कोणीतरी पुढे होतं, दोन्ही हातांनी हेल्मेट धरून खस्सकन ओढतं. दुसरा त्याला उचलून बसवतो. तिसरा तोंडात पाणी ओततो. तिघांचीही भावना चांगली असते आणि तिघेही त्या माणसाची वाट लावत असतात.

खंबाटकी घाटाच्या अलीकडे एकदा असाच एक अनोळखी माणूस पडलेला. शुद्धीत होता, बोलत होता, मान दुखतेय म्हणत होता. आणि डोक्याशी उभा असलेला एकजण हेल्मेट हिसकायला वाकलेला. मी ओरडलो तेव्हा तो माझ्यावरच खेकसला, "गुदमरेल ना तो!" माणूस वाक्यं बोलतोय म्हणजे श्वास घेतोय, एवढा विचार घाईत कोणी करत नाही. मानेचा मणका मोडलेला असेल तर तो एक हिसका आयुष्यभराचं अधूपण देऊ शकतो.

मी काय करतो ते सांगतो. आधी एकाला मागे, वळणाच्या पलीकडे, गाड्या हळू करायला पाठवतो, नाहीतर मदत करणारेच चिरडले जातात. गाडीची चावी बंद. 108 ला फोन, जवळचा किलोमीटरचा दगड वाचून. मग त्याच्या डोक्याशी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी हेल्मेट आहे तसं स्थिर धरायचं, काच वर करायची आणि त्याच्याशी बोलत राहायचं. मान हलवू नको म्हणायचं. पाणी नाही, चहा नाही. उलटी झाली तर श्वासात जाते, आणि शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामं हवं. हेल्मेट काढायची वेळ एकच: श्वास थांबला असेल किंवा तोंडात रक्त, उलटी अडकून तो बंद होत असेल. तेव्हाही दोघांनी. एकाने खालून मान आणि जबडा आधाराने धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून किंवा कापून, कडा बाहेर फाकवत हळूहळू काढायचं.

पोलिसांच्या भानगडीत पडायला नको म्हणून लांब उभे राहणाऱ्यांसाठी: 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात कलम 134 अ आहे. मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही.

जाता जाता, हेल्मेटवर रक्तगटाचा स्टिकर लावून समाधान मानणाऱ्यांना एक सांगायचंय. रुग्णालय स्टिकर वाचून रक्त चढवत नाही, आधी तपासतं. त्यापेक्षा फोनच्या लॉकस्क्रीनवर घरच्या एका माणसाचा नंबर दिसेल असा ठेवा. आणि तो अशा माणसाचा असू द्या, जो अनोळखी नंबरवरून आलेला फोन उचलतो.