'ड्यू' म्हणजे थकलेलं नव्हे

इंग्रजी बोलणाऱ्या देशात राहायला आलात की 'ड्यू' हा शब्द भाडेकरारात, बिलावर, स्टेशनवर, दवाखान्याच्या पत्रात, सगळीकडे भेटतो. 'ड्यूज क्लिअर करा' हे ऐकत वाढल्यामुळे आपल्या डोक्यात त्याचा अर्थ 'थकबाकी' असा बसलेला असतो. 'रेंट इज ड्यू ऑन द फर्स्ट' याचा अर्थ एवढाच, की भाडं पहिल्या तारखेला द्यायचं आहे. मुदत उलटली की शब्द येतो 'ओव्हरड्यू', अमेरिकेत बरेचदा 'पास्ट ड्यू'. तो दिसला तर मात्र त्याच दिवशी हालचाल करा.

बिलावरची 'ड्यू डेट' म्हणजे पैसे समोरच्याच्या खात्यात पोचण्याची तारीख, तुमच्याकडून निघण्याची नव्हे. मध्ये सुट्टी आली तर रक्कम अडकते, म्हणून दोन-तीन कामाचे दिवस हाताशी ठेवा. क्रेडिट कार्डावर नुसता 'मिनिमम ड्यू' भरला तर उशिराचा दंड टळतो, पण उरलेल्या रकमेवर व्याज चढतं.

वाक्य करताना कर्ता कोण, ते आधी ठरवा. 'आय हॅव ड्यू ऑफ रेंट' असं म्हणत नाहीत. 'माय रेंट इज ड्यू' म्हणतात. 'आय ॲम ड्यू अ रिफंड' म्हणालात तर पैसे तुम्हाला मिळायचे आहेत! तुम्ही देणं लागत असाल तर 'आय ओ' (I owe).

सगळ्यात जास्त चुका 'पर्यंत'मुळे होतात. 'फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे' याचं इंग्रजी 'ड्यू बाय फ्रायडे'. 'टिल फ्रायडे' हे शुक्रवारपर्यंत चालू राहणाऱ्या गोष्टीला लागतं, उदाहरणार्थ 'द ऑफिस इज ओपन टिल फ्रायडे'. तसंच 'ड्यू इन टू वीक्स' म्हणजे आजपासून दोन आठवड्यांनी. 'दोन आठवड्यांच्या आत' म्हणायचं असेल तर 'विदिन'.

'द ट्रेन इज ड्यू ॲट सिक्स' ही वेळापत्रकातली वेळ, हमी नव्हे. दवाखान्यातून 'यू आर ड्यू फॉर अ व्हॅक्सिन' असं पत्र आलं तर घाबरू नका, पैशांचा संबंध नाही. लस घ्यायची वेळ झाली आहे. गरोदर बाईला 'व्हेन आर यू ड्यू?' विचारतात ते बाळंतपणाच्या तारखेबद्दल. उत्तर सरळ: 'आय ॲम ड्यू इन मार्च'.

'ड्यू टू' कारण सांगतं तेव्हा पुढे नाम हवं. रजेच्या ईमेलात 'ड्यू टू आय वॉज सिक' चूक. 'ड्यू टू इलनेस' लिहा, नाहीतर 'बिकॉज आय वॉज सिक'. 'ड्यू टू अराइव्ह'मध्ये क्रियापद चालतं, कारण तिथे कारण नसून ठरलेली वेळ आहे.

उच्चाराकडेही लक्ष द्या. ब्रिटनमध्ये 'ड्यू' किंवा जवळजवळ 'जू' ऐकू येतं, अमेरिकेत सरळ 'डू'. फोनवर 'इट्स डू मंडे' कानावर पडलं तर ती मुदत आहे. तारीख तिथल्या तिथे परत विचारून लिहून घ्या.