‘साइक्स’ आडनावाचा माग काढताना या चुका टाळा

माळरानावर पक्षी बघत हिंडणाऱ्यांना साइक्सचा चंडोल ओळखीचा असतो. तांबूस अंग, डोक्यावर टोकदार तुरा. कर्नल विल्यम हेन्री साइक्स मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनची पाहणी करत फिरला आणि १८३२ साली त्याने इथल्या पक्ष्यांची यादी छापली. त्या यादीतून हा चंडोल शास्त्राच्या दप्तरात गेला. मला मात्र पक्ष्याइतकीच त्या आडनावाची ओढ लागली. इंग्रजी आडनाव खणायला घेतलं की माणूस नेमका कुठे फसतो, हे या एका नावावरून चांगलं दिसतं.

पहिला फास ढालचिन्हाचा. आडनाव टाइप करा, ‘तुमच्या घराण्याचं मानचिन्ह’ चौकटीत बसवून घरपोच मिळतं. ते घेऊ नका. इंग्लंडमध्ये ढालचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका माणसाला मिळतं आणि त्याच्या थेट वारसांकडे जातं. हा कारभार १४८४ साली स्थापन झालेलं कॉलेज ऑफ आर्म्स बघतं. उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातल्या स्लेडमिअरच्या साइक्स बॅरोनेटांच्या (बॅरोनेट म्हणजे वारसाने चालणारा किताब) ढालीवर निळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांची वर्तुळं आहेत. झरा दाखवणाऱ्या या वर्तुळाला ढालचिन्हांच्या परिभाषेत ‘साइक’ असंही म्हणतात, म्हणजे नावावरून केलेला चित्रातला श्लेषच. देखणा आहे, पण यॉर्कशायरमधल्याच हडर्सफील्ड गावच्या एखाद्या विणकर साइक्सचा त्यावर काडीचाही हक्क नाही.

दुसरी चूक जास्त खोल जाते: शब्दाचा अर्थ कळला म्हणजे घराण्याचा इतिहास कळला, असं वाटणं. जुन्या इंग्रजीत ‘सीक’ म्हणजे ओहोळ, पाणथळ चर, बऱ्याचदा दोन शेतांच्या हद्दीवरचा. उत्तरेत त्याचं ‘साइक’ झालं, दक्षिणेत ‘सिच’. म्हणून सिच हेही आडनाव सापडतं. पेनाइन डोंगरांच्या उतारावर असे ओहोळ जागोजागी आहेत. तेव्हा ज्याचं घर ओहोळाकाठी तो साइक्स, अशी कितीतरी घराणी वेगवेगळी सुरू झाली असणार, असंच अभ्यासक धरून चालले होते. तर्क अगदी सरळ होता.

मग २००० साली ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाच्या पुरुषांकडून गालाच्या आतल्या पेशी मागवल्या. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावही तसंच जातं, म्हणून दोन्ही ताडून बघायचं होतं. ४८ पुरुषांपैकी २१ जणांचं गुणसूत्र तपासलेल्या चारही खुणांवर तंतोतंत एकसारखं निघालं. आडनावाशी संबंध नसलेल्या शेजाऱ्यांमध्ये ती जुळणी सापडली नाही. म्हणजे ओहोळ शेकडो, पण या नावाचा मूळपुरुष बहुधा एकच, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

इथेच लोक उलट्या बाजूला घसरतात. ‘आम्ही सगळे एकाच रक्ताचे’ असं म्हणू लागतात. उरलेले २७ कुठे गेले? सातशे वर्षांत कुणी दत्तक गेलं, कुणाला आईचं आडनाव लागलं, कुणाचा बाप वेगळा होता. दर पिढीला शेकडा एक-सव्वा अशी गळती धरली तरी इतक्या पिढ्यांत निम्मे लोक वेगळे होऊ शकतात, असा ब्रायन साइक्स यांचा हिशेब होता. म्हणून तुमचा नमुना जुळला नाही तर घरात कुणावर संशय घेऊ नका. ती गोष्ट पाचशे वर्षांपूर्वीची असू शकते. आणि हे गणित स्मिथला लावायला जाऊ नका. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगाव होते. २००९ साली ४० आडनावांचा असाच अभ्यास झाला. त्यात दुर्मीळ नावांचे लोक एकमेकांशी जुळले, स्मिथ मात्र परक्यांइतकेच परके निघाले.

तिसरी चूक कागदांतली. चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम १५३८ साली निघाला. त्या वाचताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: १७५२ पर्यंत इंग्लंडचं सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. समजा लग्न एप्रिल १७१५ चं आणि बाळाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७१५ चा आहे. वाचणारा चपापतो, लग्नाआधीच मूल! प्रत्यक्षात ती फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७१६ ची, लग्नानंतर दहा महिन्यांची. अशा एका आकड्यामुळे कित्येक वंशवेलींत चांगल्या बाईवर उगाच डाग बसला आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं. उतरवून घेताना १७१५/१६ असं दोन्ही लिहा. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असतील तर ‘जेकोबस’ हा बहुतेक वेळा जेम्स असतो, जेकब नव्हे.

१८४१ च्या जनगणनेतलं वयही शब्दशः घेऊ नका. पंधरा वर्षांवरच्यांचं वय खालच्या पाचच्या पटीत उतरवायची सूचना होती. ३९ वर्षांचा माणूस तिथे ३५ चा दिसतो, आणि तुम्ही चार वर्षं पुढच्या जन्मनोंदी चाळत बसता.

स्पेलिंगवरून भांडू नका. ‘वाय’ अक्षराने लिहिलेला साइक्स आमचा, ‘आय’ने लिहिलेला परका, असं काही नसतं. नाव कानावर पडेल तसं कारकून लिहायचा आणि एकाच माणसाचं नाव दोन कागदांत दोन तऱ्हांनी येतं. जुन्या नोंदीत नावाआधी ‘दे’ किंवा ‘देल’ दिसलं म्हणून पूर्वज १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमबरोबर फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून आलेला सरदार ठरत नाही. तो शब्द ‘अमक्या जागेचा’ एवढंच सांगतो, आपल्या आडनावांच्या शेवटी येणाऱ्या ‘कर’सारखा. १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्यांत चार पेन्स भरणारे साधे शेतकरीही असेच नोंदलेले आहेत.

भारतात इंग्रजी आडनाव लावणाऱ्या घरांनी यॉर्कशायरपासून सुरुवात करू नये. नाव बाप्तिस्म्यात मिळालेलं असेल, पाद्र्याचं असेल, सावत्र बापाचंही असेल. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात; त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार बघणाऱ्या लंडनमधल्या खात्याच्या) दप्तरात ‘एन/३’ या मालिकेत आहेत. आधी आजोबांचा दाखला काढा, मग त्यांच्या वडिलांचा. तिथून साखळी एन/३ पर्यंत पोचली, तर पुढे हडर्सफील्डच्या चर्चचं पान उलटायला हरकत नाही.