एआयनं आराखडा दिला, पण म्हशी बांधायच्या कुठं? गावच्या पुढाऱ्यांनो, या चुका टाळा

मे महिन्यात करवीर तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावात पुराच्या तयारीची बैठक होती. अशा बैठकांना मी अधूनमधून जातो. आराखडा वाचायचा आणि त्यातली भोकं दाखवायची, एवढंच माझं काम. सरपंचांनी बारा पानांचा आराखडा समोर ठेवला. रंगीत मुखपृष्ठ, स्पायरल बाइंडिंग, आत ‘जोखीम मूल्यांकन’ वगैरे मथळे. "सर, एआयनं दहा मिनटांत काढून दिला. मागच्या खेपेला दोन महिने गेलते."

सातव्या पानावर होतं : जनावरे जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात हलवावीत. आम्ही बसलो होतो तो त्याच शाळेचा वर्ग. भिंतीवर ऑइल पेंटच्या दोन रेघा होत्या, 2019 आणि 2021. वरची माझ्या खांद्याला लागत होती.

सरपंच हुशार आहेत, मेहनती आहेत. त्यांच्या हातून झालेली चूक मला आता जिथं जावं तिथं दिसते. गावात, पालिकेच्या प्रभागात, तालीम मंडळांत, सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांतही.

उत्तर मिळालं म्हणजे प्रश्न सुटला, असं धरणं

पंपाची मोटर जळली तर तिला एक कारण असतं आणि एक दुरुस्ती. पुराचं तसं नाही. हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या दोन अभ्यासकांनी 1973 मध्येच मांडलं होतं की, सामाजिक प्रश्नाची व्याख्या करतानाच भांडण सुरू होतं. प्रश्न काय आहे हे ज्यानं ठरवलं, त्यानं उत्तरही निम्मं ठरवलेलं असतं.

कोल्हापूरच्या पंचगंगेचा पूर घ्या. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस, राधानगरी धरणाचं पाणी, नदीपात्रालगतचे रस्त्यांचे भराव, पूररेषेतली बांधकामं, नृसिंहवाडीला कृष्णेच्या फुगवट्यानं तुंबणारं पाणी आणि खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण. यातल्या एकाला हात घातला की दुसरा कुणीतरी ओरडतो. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग 2019 ला आणि 2021 ला दोन्ही वेळा पाण्याखाली गेला. रस्ता उंच करा म्हणावं, तर भराव वाढला की पाणी आमच्या शिवारात थांबणार, हे वरच्या अंगाचे शेतकरी सांगणार. पुनर्वसन म्हणावं, तर घर उंचावर आणि ऊस नदीकाठी. रोज वैरण आणायला कोण जाणार?

एआय या सगळ्या मुद्द्यांची यादी झकास करतं. पण कुणी किती सोसायचं, हे ठरवायला त्याच्याकडं ना अधिकार, ना गावाचा विश्वास. आपला आराखडा यातच अडकलाय का, हे तपासायला एकच खूण पुरे : तो वाचून गावात कुणीच चिडलं नाही. चिडलं नाही, म्हणजे बहुतेक कुणी वाचलेलाच नाही, किंवा त्यात कुणाच्या हिताला हात घातलेला नाही.

उपाय साधा आहे. पहिला मसुदा एआयकडून घ्या, खुशाल घ्या. पण तो मंजुरीला ठेवू नका, फाडायला ठेवा. प्रत्येक ओळीपुढं दोन रकाने काढा : ‘हे कोण करणार’ आणि ‘यात कुणाचं नुकसान’. आमच्या बैठकीत दुसरा रकाना भरायला घेतला, तेव्हा कुठं आवाज चढले. तिथून पुढं खरं काम झालं.

आपल्याला हवं तेच विचारणं

त्याच बैठकीत दोन तरुणांनी खिशातून प्रिंट काढले. एकानं विचारलं होतं, ‘अलमट्टीमुळे कोल्हापूरला पूर कसा येतो?’ दुसऱ्यानं, ‘अलमट्टीचा आमच्या पुराशी संबंध नाही, हे मुद्देसूद मांड.’ दोघांना आठ-आठ मुद्दे मिळाले होते, दोन्हीकडं तीच ऐटदार भाषा, दोन्हीकडं शेवटी ‘निष्कर्ष’. दोघंही म्हणत होते, "एआय पण हेच सांगतंय की!"

यात लबाडी कुणाचीच नाही. हे यंत्र मागच्या शब्दांवरून पुढचा शब्द जुळवतं. प्रश्नात जे गृहीत धरलंय त्यावरच ते इमला चढवतं. शिवाय माणसांनी पसंती दिलेल्या उत्तरांवर त्याला घडवलेलं असतं, त्यामुळं विचारणाऱ्याच्या होला हो करायची त्याला सवय असते. पुढाऱ्याभोवती असली माणसं आधीच कमी असतात का?

2019 च्या पुरानंतर राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली, 2020 मध्ये तिचा अहवालही आला. तरी अलमट्टीचा वाद आजही पारावर आहे. जाणकारांच्या समितीनं जो मिटला नाही, तो दोन प्रिंटनी मिटायचा नाही. म्हणून प्रश्न एकट्यानं मोबाइलवर टाइप करू नका. दोन्ही बाजूंनी मिळून फळ्यावर लिहा, मग विचारा. आणि पाठोपाठ हे विचारा : ‘या मताच्या विरुद्ध सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता, आणि तो खरा की खोटा हे कुठल्या नोंदीवरून कळेल?’ उत्तर बाजूला ठेवा, ती नोंद मिळवा.

गावची मोजपट्टी यंत्राला ठाऊक आहे, असं समजणं

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 ला आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं. एआयच्या आराखड्यातही 43 फूट अगदी बरोबर होतं. पण जुन्या कोल्हापूरकराला फुटांपेक्षा शिवाजी पुलाची मच्छिंद्री, म्हणजे पाणी किती चढलं ते सांगणारी पुलावरची खूण, जवळची. ‘मच्छिंद्री झाली’ म्हटलं की पुढं समजावून सांगावं लागत नाही. एकानं तिथंच मोबाइलवर विचारलं, मच्छिंद्री म्हणजे काय? यंत्रानं मच्छिंद्रनाथांच्या देवळाची माहिती दिली. वर्ग हसून आडवा झाला.

मागं बसलेल्या एक आजी मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पाणी म्हसोबाला लागलं की मागची वाट बंद हुतीया. पुलाला काय का हुईना." त्या गावात मागची वाट बंद म्हणजे ट्रॅक्टर बाहेर पडायचा बंद. आणि हे होतं बंधाऱ्यावर 39 फूट व्हायच्या आधी. सगळा आराखडा 43 वर बेतलेला, आणि वाट तोवर गेलेली!

यावर इलाज म्हणजे शंभर पानी वही. एका बाजूला गावच्या खुणा : म्हसोबा, पाणंद, गिरणीची पायरी, शाळेचं पटांगण. समोर त्याच तासाला बंधाऱ्यावर किती फूट होतं तो आकडा. एक पावसाळा हे नेटानं लिहिलं की अशी माहिती तयार होते जी जगातल्या कुठल्याही सर्व्हरवर नाही. मग ती एआयला द्या आणि सांगा, यावरून वेळापत्रक बसव. आकडेमोड, तक्ते, कुटुंबवार याद्या, सरकारी निर्णयांची बोजड भाषा सोपी करणं यात ते खरोखर कामाचं आहे. अशा कामाला पूर्वी आठवडा जायचा.

‘सिस्टीमनं नाव काढलं’ म्हणून हात वर करणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानात फसवणूक शोधायला संगणकी जोखीम-गणित वापरलं, त्यात नागरिकत्वासारख्या गोष्टीही धरल्या. हजारो निरपराध पालकांवर वसुली आली, संसार मोडले, आणि जानेवारी 2021 मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियातही आपोआप वसुली काढणारी योजना अशीच अंगाशी आली, चौकशीसाठी शाही आयोग बसला. दोन्हीकडं यंत्र होतं, पण जाब माणसांनाच द्यावा लागला.

आपल्याकडं पंचनाम्याच्या यादीत हेच होऊ शकतं. भाड्यानं राहणारा, वाटणी न झालेला भाऊ, सातबारावर नाव नसलेली विधवा, ही माणसं कागदात आधीच धूसर असतात. यंत्र त्यांना आणखी पुसून टाकतं. राधानगरीचे सात दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एकेकातून 1428 क्युसेक पाणी येतं, कुणी बटण दाबत नाही. तरी दरवाजा उघडल्यावर कुणाला उठवायचं, हे माणसांनाच ठरवावं लागतं ना? प्रत्येक यादीखाली एका माणसाची सही आणि त्याचा मोबाइल नंबर असू द्या. नाव कटलेल्याला कारण तोंडी, मराठीत, चावडीवर सांगता आलं पाहिजे.

आणि हो, लाभार्थ्यांचे आधार नंबर, बँक खाती फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकू नका. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी दुसऱ्याच्या घरची चावी आपण रस्त्यावर ठेवत नाही.

फोटोंचंही तेच. पुरात ‘गल्लीत मगर आली’ असा एक फोटो फिरतोच. आपल्या नद्यांत मगरी खऱ्याच आहेत, म्हणून तो पटतोही. आता असा फोटो बनवायला मिनिट लागत नाही. पावसाळ्याआधीच गावाला सांगून ठेवा की पाण्याची खबर फक्त या एका नंबरवरून येईल. पूर आल्यावर खुलासे करत बसलात, तर उशीर झाला.

वाचलेला वेळ भलतीकडं घालवणं

दहा मिनिटांत आराखडा झाला, मग उरलेले दोन महिने कुठं गेले? बहुतेकदा फोटो आणि रील्सवर. ते उंबरे झिजवण्यात जायला हवेत. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला 50 टक्के आरक्षणाचा हुकूम काढला, तरीही दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा प्यायला ते स्वतः थांबत होते. हुकूम त्यांच्याकडं होताच की.

त्या गावात तो फेरा शेवटी झाला. पुरात लोक घर का सोडत नाहीत, तर दावणीला म्हैस असते म्हणून. हे कुणी नवीन सांगितलं नाही, सगळ्यांना माहीत होतं, फक्त बारा पानांत कुठं नव्हतं. सरपंच आणि दोन सदस्य गोठे मोजत फिरले. टेकावरच्या ज्यांच्या मोकळ्या जागेत म्हशी बांधायच्या, ते विरोधी गटाचे. त्यांच्याकडं तीनदा जावं लागलं. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "वैरण ज्याची त्यानं आणायची, आन् शेण मला." ठरलं.

आता त्या आराखड्याच्या शेवटच्या पानावर निळ्या पेननं ट्रॉल्यांची यादी आहे, कुठली ट्रॉली कुठल्या गल्लीला आणि चालक कोण. दोन नंबरच्या ट्रॉलीची हुक चिरलेली निघाली. ती मिरगाच्या आत वेल्डिंग करून घ्यायची, आणि पैसे ग्रामपंचायतीनं द्यायचे की मालकानं, यावर बैठक आणखी अर्धा तास चालली.