मुरुमाची खाण संपली म्हणून पोकलेन लगेच हलवू नका

सुपे-बारामती भागात मी पोकलेनवर मुरूम काढतो. रस्त्याचं काम संपलं की ठेकेदार मशीन हलवतो, मागे राहतो सरळ कडांचा खड्डा. पावसाळ्यात तो भरतो, मग कुणीतरी त्यात राडारोडा ओततं, आणि पोहायला गेलेली पोरं बुडाल्याच्या बातम्या तर दरवर्षी येतात. याच खड्ड्यात पाखरं नांदू शकतात, गावाला फिरायलाही जागा होते. फक्त त्यातलं निम्म्याहून जास्त काम मशीन जागेवर असतानाच उरकावं लागतं. रोपांचा नंबर शेवटी.

आधी कागद. सातबारा कुणाच्या नावाचा, गायरान आहे की वनखात्याचं, ते बघा आणि ग्रामसभेचा ठराव घ्या. उतार काढताना निघालेला मुरूम आतच वापरा. एक ब्रास (शंभर घनफूट) जरी बाहेर गेला तरी तहसीलची परवानगी आणि स्वामित्वधन लागतं. खाणपट्टा अजून चालू असेल तर पट्टेदाराला आठवण द्या: खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवेल अशी ती करून देण्याची अट पट्ट्यांमध्ये घाला, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारला सांगितलंय.

आता बकेट. खड्ड्याच्या दोन बाजू ठरवा, एक माणसांची, एक पाखरांची. माणसांच्या बाजूला एक फूट खाली जायला दहा फूट लांबी, असा उतार द्या. काठापासून पंधरा फुटांपर्यंत पाणी गुडघ्याच्या वर नको. पाय घसरला तरी पोरगं उभं राहिलं पाहिजे, हा हिशोब.

समोरची उभी कड मात्र मोडायची नाही. सगळे साहेब 'लेव्हल करा' म्हणतात, मी करत नाही. मऊ मुरुमाची आठ-दहा फूट उभी भिंत म्हणजे वेडा राघू आणि खंड्याची वसाहत. ते चोचीनं पोखरून आडवी बिळं करतात. भिंत फार कडक किंवा पार भुसभुशीत असेल तर फिरकत नाहीत. पायथ्याशी पडलेला ढिगारा दिवाळीनंतर उचला, नाहीतर त्यावरून मुंगूस बिळापर्यंत पोचतं. फेब्रुवारीनंतर भिंतीला हात लावू नका. उंच कपारीत शृंगी घुबड बसायला लागलं असेल तर दिवाळीतही नको, त्याची वीण तेव्हाच सुरू होते. भिंतीच्या वर दहा फूट आत छोटा बांध घाला, म्हणजे पावसाचं पाणी अंगावरून वाहून भिंत ढासळणार नाही. बांधावर बोरी-बाभळीच्या फांद्यांचं काटेरी कुंपण घाला. माणसं आणि गुरं दोन्ही लांब राहतात.

बेट करायचं असेल तर भराव टाकून करू नका. मुरुमाचा एक ठोकळा न खोदता सोडा आणि त्याच्याभोवतीच खड्ड्यातली सगळ्यात खोल जागा घ्या. टिटवी उघड्या मुरुमावर अंडी घालते आणि मे महिन्यात पाणी तळाला जातं. भोवतालची चर उथळ असेल तर त्याच वेळी कुत्री चालत बेटावर जातात.

बाजूला एक लहान, उथळ डबकं काढा, जे उन्हाळ्यात आटेल. त्यात मासे नकोत. बेडूक आणि चतुर तिथंच वाढतात, कारण त्यांची पिल्लं खायला कुणी नसतं. चतुराची पिल्लं डासांच्या अळ्या खातात. डास निर्मूलनासाठी गप्पी मासे सोडायला कुणी आलं तर मोठ्या पाण्याकडे बोट दाखवा. मोठ्या पाण्यातही तिलापिया आणि मांगूर हे मासे नकोत.

प्लास्टिक अंथरायच्या भानगडीत पडू नका. पाणी जिरलं तर खालच्या विहिरींना मिळेल.

माती बहुधा आधीच कुठंतरी गेलेली असते. मशीननं दाबून टाकलेला तळ बकेटच्या दातांनी फोडा आणि माणसांच्या बाजूच्या उतारावर तलावातला गाळ चार बोटं पसरा. सगळीकडे नको. गाळ पडला की गाजरगवत पहिलं हजर. निम्मा मुरूम उघडाच ठेवा.

आमच्या शेजारचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारा हरणांचं, म्हणजे हा मुलूख मुळात गवताचा. गुरुग्रामला अरवलीतल्या जुन्या खाणींवर जैवविविधता उद्यान झालं, तिथं अरवलीचीच झाडं लावली. इथं आपलं गवत लावायचं. मारवेल आणि पवन्याचं बी दिवाळीनंतर माळावरून गोळा करा, शेणमातीत कालवून पहिल्या पावसाला फेका. दोन पावसाळे चराई बंद. झाडं मोजकीच: बोर, हिवर, पळस, आणि बसायच्या जागी कडुलिंब. गिरीपुष्प आणि सुबाभूळ फुकट मिळतात म्हणून घेऊ नका. वेडी बाभूळ आपोआप येते, ती लहान असतानाच मुळासकट उपटा.

मशीन जायच्या आधी शेवटचं काम: हायवा (डंपर) ज्या रस्त्यानं आत यायचा तिथं आडवी खोल चर मारा. राडारोडा रात्रीच येतो, आणि पाटी वाचून कुणी परत जात नाही. पायवाट फक्त माणसांच्या बाजूला. पाण्याजवळ खांबाला हवा भरलेली टायरची ट्यूब आणि लांब दोर बांधून ठेवा. ट्यूब चोरीला जाते, तेव्हा दर महिन्याला कोण बघणार हेही त्याच ठरावात लिहून घ्या.