जंगलाखालचा कार्बन मोजताना या चुका टाळा

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कुणाचा तरी फोन येतो, "ताई, मातीतल्या कार्बनचे आकडे जुळत नाहीत." यंत्राची चौकशी मी नंतर करते. आधी विचारते, खड्डा किती खोल होता आणि त्यातल्या खड्यांचं काय केलंस? बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, जांबोटी, कणकुंबी, नागरगाळीच्या रानात काम करताना मोठ्या चुका खड्ड्यापाशीच होतात. प्रयोगशाळेत त्या फक्त उघड्या पडतात.

खड्यांपासूनच सुरुवात करते. आपली माती तांबडी, जांभ्याची. २ मिलिमीटरच्या चाळणीवर जे राहतं ते बहुतेक जण फेकून देतात आणि हिशेबातही धरत नाहीत. साठ्याचं गणित सोपं आहे: कार्बनचे टक्के गुणिले मातीची घनता गुणिले खोली. २ टक्के कार्बन, चाळलेल्या मातीची घनता १.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आणि खोली ३० सेंटिमीटर धरली, तर हेक्टरी ७२ टन येतात. पण त्या थरातली ४० टक्के जागा खड्यांनी अडवली असेल, तर खरा साठा साधारण ४३ टनच. या एका चुकीने अख्खा प्रबंध आडवा होतो. म्हणून खडे धुऊन पाण्यात भिजवा, वरवर पुसा आणि मग मोजपात्रात बुडवून त्यांचं आकारमान काढा. जांभा सच्छिद्र असतो. कोरडा खडा बुडवलात तर तो पाणी पितो आणि आकारमान कमी दिसतं.

घनतेसाठीची लोखंडी कडी अशा मातीत ठोकत बसू नका. ती वाकते आणि आतली माती दाबली जाते. छोटा खळगा खणा, निघालेली सगळी माती पिशवीत भरा, खळग्यात पातळ प्लास्टिक अंथरून काठोकाठ पाणी ओता. जेवढं पाणी मावलं तेवढं आकारमान.

दुसरी चूक खोलीची. ३० सेंटिमीटरवर थांबण्याची सवय राष्ट्रीय हरितगृह वायूंच्या हिशेबातून आली आहे. तिथे ती चालते, पण जंगलाखालच्या कार्बनचक्राचा अभ्यास तेवढ्यावर होत नाही. जगभरच्या मातीत वरच्या १ मीटरमध्ये सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे आणि १ ते ३ मीटरच्या दरम्यान आणखी सुमारे ८०० अब्ज टन, असा अंदाज २००० साली मांडला गेला. खाली टक्केवारी कमी असते, पण थर जाड असतो. शिवाय जांभ्याच्या मातीतली लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं हा कार्बन धरून ठेवतात. कठीण थर लागला की गडी पहार टेकवतो आणि आपणही नोंदवहीत "तळ" लिहून मोकळे होतो. तसं करू नका. भेगांमध्ये पाहा, मुळं तिथूनच खाली गेलेली असतात.

मातीतला कार्बन रसायनांनी मोजण्याची वॉकली-ब्लॅक पद्धत १९३४ पासून चालत आली आहे आणि स्वस्तही आहे. तिच्यात सगळा कार्बन जळत नाही, म्हणून निकालाला सुमारे १.३ ने गुणतात. हा गुणक सगळ्या मातींना आणि सगळ्या थरांना सारखाच लागू पडत नाही. काही नमुने तरी कोरड्या ज्वलनाच्या यंत्रावर, म्हणजे माती जाळून कार्बन मोजणाऱ्या यंत्रावर, ताडून घ्या. मात्र तेच यंत्र अथणीकडच्या काळ्या मातीला लावाल तेव्हा चुनखडीतला कार्बनही मोजला जाईल. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. माती फसफसली, तर चुना काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कोळसाही असाच फसवतो. घाटात पूर्वी कुमरी होत असे, म्हणजे रान जाळून केलेली फिरती शेती. काळे तुकडे दिसले तर ते वेगळे नोंदवा आणि गावातल्या जाणत्या माणसांना त्या जागेचा इतिहास विचारा. मराठीत, कोंकणीत, कानडीत, ज्याला जी सोपी जाईल तीत.

मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजताना घाई नडते. मातीत मोजणीचं कडं बसवताना मुळं तुटतात, त्यामुळे त्याच दिवशीचं वाचन धरू नका. चर खणून मुळांचा श्वास वेगळा काढणाऱ्यांनी जास्तच थांबावं, कारण तुटलेली मुळं कुजताना कित्येक महिने वायू सोडतात. वळवाच्या पहिल्या पावसानंतर कोरड्या मातीतून वायूचा एकदम लोंढा येतो. त्या आठवड्याच्या वाचनाला ५२ ने गुणून वर्षाचा आकडा काढलेला मी पाहिला आहे. पावसाळाभर निदान पंधरा दिवसांनी तरी मोजा. जमलं तर झऱ्याच्या पाण्याचेही नमुने घ्या, कारण विरघळलेला कार्बन त्याच वाटेने रानाबाहेर जातो.

एकाच खड्ड्यातले तीन नमुने म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत. खड्डे वेगळे हवेत.

जुलैत पिशव्या घरी ठेवून वाळतील ही आशा सोडा. दोन दिवसांत बुरशी येते आणि जीवाणू तुमचा कार्बन खात राहतात. ४० अंशांच्या ओव्हनची सोय आधी करून मगच रानात जा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, एक आत आणि एक बाहेर. ओल्या कागदावर १ आणि ९ एकसारखे दिसतात, म्हणून खोली अक्षरीही लिहा.

भीमगड अभयारण्यात काम असेल तर परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांची लागते. अर्ज पावसाच्या बऱ्याच आधी करा. आणि खड्डा संध्याकाळच्या आत बुजवा, खालची माती खाली आणि वरची वर. रात्री त्याच वाटेने गवे उतरतात.