प्रोगवाल्यांनो, लव्ह साँग लिहायचंय? मग हे वाचा

प्रोग म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक गाणी आणि पाच-सात मात्रांच्या अवघड तालांचं वेड असलेला रॉक. तो ऐकणाऱ्यांमध्ये हा वाद ठरलेला असतो, की हे लोक वीस-वीस मिनिटांची गाणी करतील, मेलोट्रॉन नावाचा जुना कीबोर्ड काय, राक्षस काय, अंतराळ काय, सगळं आणतील पण साधं "तू आवडतेस" म्हणायची वेळ आली की तोंडात बोळा. अर्धं खरंय. पण जमतं राव, आणि जिथे जमलंय तिथे बघा, कोण कोणाला काय सांगतंय हे आधी पक्कं झालेलं असतं आणि अवघड वाजवणं त्याच्या मागून येतं. नाशिकच्या कॉलेज रोड, इंदिरानगर, सिडकोमधली जी पोरं कोणाच्या तरी गच्चीवरच्या खोलीत शेजाऱ्यांच्या शिव्या खात रिफ, म्हणजे गिटारचा तोच तोच छोटा तुकडा, घासत बसतात त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी तीन गाणी ऐका, नीट, हेडफोन लावून. पहिलं जेथ्रो टल बँडचं 'वंडरिंग अलाउड', 1971 च्या 'अ‍ॅक्वालंग' अल्बमवरचं, दोन मिनिटंसुद्धा नाही. त्यात काय आहे तर सकाळ आहे, ती किचनमध्ये आहे, टोस्टचा वास येतोय, आणि मग ती येते ते अंथरुणावर चुरा सांडत. संपलं. त्या चुऱ्यामुळे ही बाई खरी वाटते, "तुझे डोळे चांदण्यांसारखे" टाइपच्या शंभर ओळींनी वाटली नसती. दुसरं जेनेसिस बँडचं 'फॉलो यू फॉलो मी', 1978, गायक गॅब्रिएल आणि गिटारिस्ट हॅकेट दोघं बँड सोडून गेल्यावर उरलेल्या तिघांनी केलेलं, शब्द त्या तिघांतल्या माइक रुदरफोर्डने बायकोसाठी लिहिलेले, आणि ब्रिटनमध्ये टॉप टेनमध्ये गेलेलं त्यांचं हे पहिलं गाणं. जुन्या फॅन लोकांनी नाकं मुरडली ती मुरडलीच, मला विचाराल तर गाणं प्रामाणिक आहे पण त्यात बँडचं स्वतःचं असं थोडंच उरलंय. म्हणून तिसरं ऐका, त्याच जेनेसिसचं 1972 चं 'सपर्स रेडी', जवळपास 23 मिनिटं. पुढे त्यात युद्ध आहे, कयामत आहे, 9/8 मधला, म्हणजे नऊ-नऊ मात्रांचा, तो भयंकर भाग आहे, पण सुरुवात कशी होते? एक माणूस खोलीत चालत जाऊन टीव्ही बंद करतो आणि तिच्या शेजारी बसून तिच्या डोळ्यांत बघतो. एवढं झालं म्हणून पुढचा सगळा पसारा आपण सहन करतो, कारण हे दोघं परत भेटतात का हे बघायचं असतं.

आणि कोणी म्हणालं की प्रेम आणि ग्रहतारे एकत्र चालत नाहीत तर त्याला सरळ तात्यासाहेबांकडे पाठवा. तात्यासाहेब म्हणजे कवी कुसुमाग्रज, आपल्याच नाशिकचे, 1942 च्या 'विशाखा'मधलं 'पृथ्वीचे प्रेमगीत' शाळेत सगळ्यांनी ऐकलंय, त्यात पृथ्वी सूर्याशी बोलतेय, चंद्र, शुक्र, मंगळ, धूमकेतू सगळे मागे लागलेत आणि ही म्हणते यांच्या जवळ जाण्यापेक्षा तुझं लांब असणं परवडलं. आता याहून मोठा कन्सेप्ट कुठला प्रोग बँड आणणार? पण बोलणारी एक, ऐकणारा एक, आणि तिचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं. शिवाय छंद बघा, लघु-गुरू-गुरू असे पाच मात्रांचे तुकडे एकामागोमाग येतात. मनाच्या श्लोकांचं पण तेच. म्हणजे पाचाचं गणित आपल्या कानाला नवं नाही, टाकळीला समर्थांच्या मठात जाणाऱ्या आजीलासुद्धा नाही.

तर पहिलं काम, बँडमध्ये सगळ्यांनी बसून एक वाक्य लिहा, अमुक माणूस तमुक माणसाला हे सांगतोय. वाक्य होत नसेल तर गिटारला हात लावू नका. "प्रेम म्हणजे काळाच्या पलीकडचा प्रवास" हे वाक्य धरत नाही, त्यात माणूसच नाही.

सखे, प्रिये, साजणी हे पण काढून टाका, तुमच्यातलं कोणी कोणाला असं हाक मारतं का? व्हॉट्सअ‍ॅपवर जे लिहिता ते घ्या, जेवलीस का, पोचलास की कळव. आणि जागा खरी घ्या, सीबीएस स्टँडला बस चुकली, अशोक स्तंभाजवळ पावसात गाडी बंद पडली, एवढं पुरतं.

आता ताल. सात मात्रा म्हटलं की ड्रमरचे हात शिवशिवतात, त्याला आधी शांत करा. आपल्याकडे सात मात्रांच्या रूपक तालात गझला भरभरून आहेत, ठुमरी-होरी चौदा मात्रांच्या दीपचंदीत गातात, म्हणजे सात-चौदात प्रेम बसत नाही हे कोणी सांगू नये. रूपकची गंमत अशी की समेलाच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली (टाळीऐवजी मोकळा हात) असते आणि टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. तोंडाने बोलून बघा, ती ती ना, धी ना, धी ना. डग्ग्याचा घुमारा 'धी'वर येतो. तेच ड्रम किटवर आणायचं, एकवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) मारायचीच नाही, तिथे हायहॅटची झांज किंवा ड्रमची नुसती कड, किक चारवर आणि सहावर. गाण्यातल्या ज्या शब्दावर जीव आहे तो एकवर टाका, खाली किक नसल्यामुळे तो उघडा ऐकू येतो, आणि ऐकणारा बोटं मोजत बसत नाही. एकवर धाडकन किक मारलीत की त्याच सात मात्रा लंगडत चालतात.

आणि अवघड काही करायचंच असेल, करायचं असतंच म्हणा, तर त्याला गोष्टीत कारण द्या. समजा गाणं असं, तो सातपूरला कंपनीत, दर आठवड्याला शिफ्ट बदलते, ती हॉस्पिटलमध्ये नर्स, तिची ड्युटी वेगळीच, दोघं भेटतात ते सकाळी दारात, एक आत येताना एक बाहेर जाताना. गिटारला सात मात्रांचा रिफ द्या, तो त्याचा. बास गिटारला चारचा, तो तिचा. ड्रमरने बासची बाजू धरायची म्हणजे पाय जमिनीवर राहतात. दोन्ही एकत्र सुरू केले की गिटारची चार आवर्तनं आणि बासची सात झाल्यावर, म्हणजे 28 मात्रांनी दोघं पुन्हा एकवर भेटतात. मिनिटाला 200 मात्रा अशी लय धरली तर हे साधारण साडेआठ सेकंदांनी होतं, गाण्याची एक लांब ओळ त्यात आरामात बसते. ओळ त्याच भेटीवर संपवा, दुसरा आवाज फक्त तिथेच आणा, एका शब्दापुरता. शेवटच्या अंतऱ्यात दोघांचा वीकली ऑफ एकाच दिवशी येतो, तिथे बासपण सातात येऊ दे. ऐकणाऱ्याला आकडे कळायची काहीच गरज नाही, काहीतरी जुळलं एवढं त्याला कळतं. हे न करता नुसतंच सातावर चार वाजवलंत तर तो रियाज झाला, घरी करा.

सोलो एकच, आणि गाणाऱ्याचा आवाज जिथपर्यंत जातो त्याच्या आसपासच्या सुरांत सुरू करा, वर नंतर जा. कीबोर्डवाल्याला कितीही वाईट वाटलं तरी गाणं चालू असताना त्याने पॅड, म्हणजे मागे लांबवलेले सूर, धरून बसायचं. मिक्समध्ये आवाज पुढे ठेवा, प्रोगवाले शब्द मागे ढकलतात, लाजतात बहुतेक. लांबीचं टेन्शन घेऊ नका, येस बँडचं 'अँड यू अँड आय' दहा मिनिटांचं आहे आणि कुठे खेचल्यासारखं वाटत नाही, फक्त प्रत्येक नव्या भागात त्या दोघांचं काहीतरी बदललं पाहिजे, नुसता स्केल बदलून चालणार नाही.

रेकॉर्डिंगला पैसे घालायच्या आधी एक गिटार आणि एक आवाज एवढंच फोनवर घ्या आणि बँडबाहेरच्या कोणालातरी ऐकवा, बहिणीला, ऑफिसमधल्या कोणाला, ज्याला प्रोग म्हणजे काय हे माहितीच नाही अशाला. मग विचारा, कोण कोणाला काय सांगतंय? बरोबर सांगितलं तर पुढे ड्रम, बास सगळं चढवून त्याच माणसाला परत ऐकवा, आणि आता तो "ड्रम भारी वाजलेत" म्हणाला तर ड्रमरला चहा पाजा आणि दुसरा अंतरा परत लिहायला घ्या.